डीरोबर्ट यांच्यावर लिहायचं तर कर्टिस बेटापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न वाचला. दिवाळी अंकासाठी पॅसिफिकमधल्या नाउरू या बेटदेशाचे पहिले अध्यक्ष हॅमर डीरोबर्ट यांच्यावर तुम्ही मोठा लेख लिहिताय. वाचन भरपूर झालंय. पण अर्ध्या ठिकाणी ते राष्ट्रपिता, तर उरलेल्या अर्ध्या ठिकाणी आयती संपत्ती उधळून देश भिकेला लावणारे. यातलं खरं काय, आणि लेखात बाजू कुणाची घ्यायची, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली बावीस वर्षं कोशांसाठी चरित्रनोंदी लिहिते. पॅसिफिकच्या बेटांचा गठ्ठा माझ्याकडे आला तो दुसरं कुणी घेईना म्हणून, आणि मग तो चिकटलाच. उत्तर देण्याआधी माझी एक फजिती सांगते, कारण तुम्ही आज जिथे अडलाय तिथेच मीही अडले होते.

डीरोबर्ट यांच्यावरची माझी पहिली नोंद साडेतीनशे शब्दांची होती. तिचं शेवटचं वाक्य असं : ‘त्यांच्या काळातील उधळपट्टीमुळे नाउरू दिवाळखोरीत निघाला.’ आमच्या संपादकांनी त्या वाक्याखाली तांबड्या शाईने एकच शब्द लिहून पान परत पाठवलं. ‘केव्हा?’ मी जरा रागावूनच तारखा काढायला बसले. डीरोबर्ट गेले १५ जुलै १९९२ला. लंडनमध्ये नाउरूच्या पैशावर एक संगीतनाटक उभं राहिलं आणि सणकून आपटलं, ते १९९३चं. मेलबर्नमधली नाउरूची बावन्न मजली इमारत धनकोंमुळे हातची गेली ती २००४मध्ये. माझ्या वाक्यात मी एका माणसाला त्याच्या मरणानंतरच्या बारा वर्षांचा हिशेब लावला होता. वाक्य काढलं. पण त्या तारखांनी ते निर्दोष ठरले असंही नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा वेगळा मांडते. नायक की खलनायक हा निवाडा तुम्हाला करायचा नाहीये. तुमची खरी अडचण अशी, की नाउरू हा सगळा मिळून २१ चौरस किलोमीटरचा देश. स्वातंत्र्याच्या वेळी मूळचे नाउरूअन लोक तीन हजारांच्या आसपास. इतक्या लहान जागी तेहेतीस-चौतीस वर्षं एकच माणूस मध्यभागी असला की त्याचं चरित्र कुठे संपतं आणि देशाचा इतिहास कुठे सुरू होतो, ते कळेनासं होतं. मग देशाचं जे भलं झालं ते त्याचं, आणि जे वाईट झालं तेही त्याचंच. हा गुंता सोडवला की बाजू आपोआप ठरते.

काही गोष्टी अर्थातच तुमच्यावर अवलंबून आहेत. तुमचा वाचक ‘नाउरू’ हे नाव पहिल्यांदाच ऐकणार असेल तर अर्धा लेख भूगोल आणि फॉस्फेट, म्हणजे तिथलं खताचं खनिज, खाईल, आणि ते चालेल. तो खाणीच्या किंवा विस्थापनाच्या प्रश्नात मुरलेला असेल तर फॉस्फेट दोन परिच्छेदांत उरका आणि वाटाघाटींवर वेळ घालवा. पुढे सांगते तो माझा क्रम आहे. तो एकमेव आहे असा दावा नाही.

माझा क्रम कर्टिस बेटापासून सुरू होतो. पण तिथवर पोचायला मागचा थोडा तपशील लागतो.

नाउरू विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला. भोवती किनाऱ्याची अरुंद हिरवी पट्टी, आत उंच पठार. पठारावर फॉस्फेट. त्याचा शोध लागण्याची गोष्ट लेखात घ्याच, कारण ती नजरेसमोर उभी राहते. सिडनीत एका व्यापारी कंपनीच्या कचेरीत दार वाऱ्याने लागू नये म्हणून एक दगड टेकवून ठेवलेला होता. कुणीतरी तो नाउरूहून अश्मीभूत लाकूड समजून आणलेला. अल्बर्ट एलिस नावाच्या नोकराला त्याचा संशय आला, त्याने तो तपासला, आणि निघालं उच्च प्रतीचं फॉस्फेट. १९०७पासून खाणकाम सुरू झालं. जमीनमालकाला सुरुवातीला मिळायचा टनामागे अर्धा पेनी. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून बेट ऑस्ट्रेलियाने घेतलं, आणि १९१९मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तिघांनी करार करून माल वाटून घेतला : ४२, ४२ आणि १६ टक्के. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सुपर फॉस्फेटची गोणी सांगायला नको. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणं त्या खतावर पोसली गेली, आणि ते जगाच्या बाजारापेक्षा स्वस्तात मिळालं ते नाउरूच्या खर्चाने.

एक सावधगिरी. ‘पक्ष्यांच्या विष्ठेचा देश’ असं सरधोपट लिहिलेलं तुम्हाला सगळीकडे दिसेल. नाउरूचं फॉस्फेट नेमकं कसं बनलं याबद्दल भूशास्त्रज्ञांत एकमत नाही. शिवाय त्या शब्दांत जी टवाळी आहे ती लेखाचा सूर बिघडवते.

डीरोबर्ट यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२चा. शिक्षण ऑस्ट्रेलियात जिलाँगला झालं आणि परत येऊन ते शाळामास्तर झाले. बालपणाबद्दल यापेक्षा जास्त ताणू नका. नोंदलेखनातली नवी मंडळी बालपणाची पोकळी ‘लहानपणापासूनच नेतृत्वाचे गुण’ असल्या वाक्यांनी भरतात. पोकळी राहू द्या. कारण विशी ओलांडता ओलांडता जे घडलं ते पुरेसं आहे. ऑगस्ट १९४२मध्ये जपान्यांनी बेट घेतलं, आणि पुढच्या वर्षी बाराशे नाउरूअनांना बोटींत घालून ट्रुक बेटांवर वेठीला नेलं. त्यांत डीरोबर्टही होते. (ट्रुकचं आजचं नाव चूक. मराठीत छापताना मुद्रितशोधक ते दुरुस्त करायला धावतात, तेव्हा समासात खूण करून ठेवा.) उपासमार, आजार, बॉम्बहल्ले यांतून जिवंत परतले ७३७. परतीची बोट नाउरूला लागली ती ३१ जानेवारी १९४६ला.

लोकसंख्येच्या आकड्याला तिथे एक वेगळाच अर्थ आहे. १९२०च्या सुमारास साथीच्या तापाने लोकसंख्या इतकी घटली होती, की दीड हजारांच्या खाली राहिलो तर वंश टिकायचा नाही अशी धास्ती पडली. १९३२मध्ये पंधराशेवं मूल जन्मलं तेव्हा बेटाने सण केला. त्या दिवसाला ‘अंगाम’ म्हणतात, म्हणजे घरी परतणं. २६ ऑक्टोबरला तो आजही पाळतात. ते पंधराशेवं मूल, ती मुलगी, ट्रुकमध्ये वारली. युद्धानंतर दीड हजाराचा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडलं. या लोकांचा पुढारी ‘आम्ही विरून जाणार नाही’ म्हणतो तेव्हा तो भाषणाचा अलंकार नसतो. हे वाचकाला आधी कळलं नाही तर कर्टिस बेटाचा नकार त्याला निव्वळ हट्ट वाटेल.

१९५५मध्ये डीरोबर्ट स्थानिक परिषदेवर निवडून आले आणि १९५६मध्ये हेड चीफ झाले. पद मानाचं, हातात सत्ता अशी नाही. कारभार ऑस्ट्रेलियन प्रशासकाचा आणि खाण ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स या त्या तीन सरकारांच्या मंडळाची. पठार मात्र वर्षागणिक सोललं जात होतं. खाणीनंतर काय उरतं तेही दाखवा : फॉस्फेट प्रवाळाच्या सुळक्यांच्या मधल्या खोबणींत भरलेलं असतं. ते उपसून काढलं की उरतात करड्या चुनखडीचे माणसापेक्षा उंच खांब, एकाला लागून एक. त्यांच्यात ना शेती होते, ना घर बांधता येतं, ना धड चालता येतं. माल संपणार हे सगळ्यांना दिसत होतं. मग लोकांचं काय करायचं?

ऑस्ट्रेलियाचं उत्तर : हलवू. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत, ग्लॅडस्टनजवळ कर्टिस नावाचं बेट आहे. तिथे सगळ्या नाउरूअनांना जमीन, घरं, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व आणि स्थानिक कारभारापुरती एक परिषद द्यायची तयारी होती. १९६३-६४ची ही गोष्ट. कागदावर सौदा वाईट नव्हता. कर्टिस नाउरूपेक्षा कितीतरी मोठं. ज्यांच्या बेटाचा बराचसा भाग खरवडून गेलाय त्यांनी तो उड्या मारत घ्यावा, असं कॅनबेरात वाटत असणार.

डीरोबर्ट आणि त्यांच्या परिषदेने विचारलं, तिथे राज्य कुणाचं? उत्तर मिळालं, ऑस्ट्रेलियाचं. १९६४मध्ये त्यांनी नकार दिला. ‘गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया’ हे धोरण तेव्हा पुरतं मोडीत निघालेलं नव्हतं हेही ध्यानात ठेवा. तीन हजार सावळे लोक तिथे काही पिढ्यांत कुठे दिसेनासे होतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

माझ्या मते हा माणूस कळतो तो इथे, म्हणून लेख मी इथून सुरू करीन. ट्रुकहून परतलेला, चाळिशीतला एक मास्तर मोठ्या सरकारपुढे बसलाय. घर, जमीन, पासपोर्ट सगळं टेबलावर आहे, आणि तो फक्त एक गोष्ट मागतोय : ठरवणार कोण, तेवढं आमच्याकडे राहू द्या. पुढचं त्यांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरतं. जे त्यांनी कमावलं ते त्याच्यामुळे, आणि जे बिघडलं तेही बऱ्याच अंशी त्याच्यामुळे.

कमाई आधी. बेट सोडायचं नाही म्हटल्यावर बेटावरची खाण आपली हवी. १९६५ ते १९६७ या काळात वाटाघाटींच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. टनाचा भाव, मालकी, स्वातंत्र्य आणि खणलेल्या जमिनीची भरपाई असे चार धागे होते. १४ नोव्हेंबर १९६७च्या करारात कमिशनर्सची यंत्रसामग्री २ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेऊन खाण तीन वर्षांत नाउरूच्या ताब्यात येण्याचं ठरलं. १९७०मध्ये ती आली. स्वातंत्र्याच्या बाबतीत संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार आपल्याकडे राहावेत अशी ऑस्ट्रेलियाची इच्छा होती. डीरोबर्ट पूर्ण स्वातंत्र्यावरून हलले नाहीत. दिवस ठरला ३१ जानेवारी १९६८. बावीस वर्षांपूर्वी याच तारखेला ते ७३७ जण घरी आले होते.

चौथा धागा, जमिनीच्या भरपाईचा, सुटला नाही. १९६६मध्ये तज्ज्ञ समितीने बाहेरून माती आणून पठार भरणं तांत्रिकदृष्ट्या शक्य असलं तरी व्यवहार्य नाही असं सांगितलं, आणि तिन्ही सरकारांनी हात वर केले. इथे डीरोबर्ट यांची चाल बघा. स्वातंत्र्य अडकवून ठेवलं नाही आणि मागणीही सोडली नाही. डिसेंबर १९६७मध्ये संयुक्त राष्ट्रांत बोलताना त्यांनी नोंदवून ठेवलं, की स्वातंत्र्यापूर्वी खणलेल्या एक तृतीयांश बेटाची जबाबदारी त्या तीन सरकारांचीच. पुढे सत्तेत असताना ते हा विषय अधूनमधून उकरतच राहिले. ६ ऑक्टोबर १९८३ला त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना पत्र लिहिलं. मार्च १९८४मध्ये नकार आला. त्या वेळी कुणालाही वाटलं असेल, म्हातारा जुनं उगाळतोय.

हे पत्र मी मुद्दाम सांगितलं, कारण त्याचा उपयोग पुढे झाला. डिसेंबर १९८६मध्ये नाउरूने एक चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष श्रीलंकेचे न्यायविद ख्रिस्तोफर वीरमंत्री. अहवाल १९८८मध्ये आला, आणि १९ मे १९८९ला, डीरोबर्ट अध्यक्ष असतानाच, नाउरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला. भारतीय वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे नाउरूच्या वतीने उभे राहिलेल्यांत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले प्राध्यापक व्ही. एस. मणी होते, ते आधी नाउरू सरकारात मुख्य सचिव होते. ऑस्ट्रेलियाचे आक्षेप अनेक होते. त्यांतला एक, की इतक्या वर्षांनी मागणी शिळी झाली. दुसरा, की १९६७च्या करारातच नाउरूने तिच्यावर पाणी सोडलं. न्यायालयाने दोन्ही फेटाळले, आणि फेटाळताना १९६७पासून नाउरूने हा विषय केव्हा केव्हा काढला होता ते तपासलं. डीरोबर्ट यांचं वर्षानुवर्षांचं उगाळणं कामी आलं.

आता बिघडलं काय, ते.

पहिलं म्हणजे ‘जगातला सर्वांत श्रीमंत देश’ हे विशेषण जपून वापरा. फॉस्फेटचं उत्पन्न भागिले मूठभर लोक, असा तो हिशेब आहे. प्रत्यक्षात पैसा सरकार, जमीनमालक आणि विश्वस्त निधी यांच्यात वाटला जाई. कुणाची जमीन जास्त, कुणाची नावापुरती. आयकर नव्हता, दवाखाना-शाळा फुकट, हे खरं. पण प्रत्येक घरापुढे सोन्याच्या विटा रचल्या होत्या असं चित्र रंगवू नका.

निधीची कल्पना मात्र शहाणपणाची होती, आणि ती डीरोबर्ट यांच्या पिढीची. खाण संपल्यावर नातवंडांनी कशावर जगायचं, तर आज बाजूला ठेवलेल्या पैशावर. त्यातून परदेशात मालमत्ता घेतल्या गेल्या. मेलबर्नची ती बावन्न मजली इमारत १९७७मध्ये पुरी झाली. (तारखांची गंमत पाहा : उभारणी डीरोबर्ट यांच्या काळात सुरू झाली, पण पुरी होताना अध्यक्ष होते बर्नार्ड डोवियोगो.) फिजीत सुवाचं जुनं ग्रँड पॅसिफिक हॉटेल घेतलं. स्वतःच्या जहाजांची कंपनी काढली. आणि एअर नाउरू.

एअर नाउरूवर सगळे हसतात. मीही हसले होते. पण एकदा नकाशा समोर घेऊन बसा. जवळचं मोठं बंदर कुठलंही धरलं तरी मधे शेकडो मैल पाणी. भोवती प्रवाळाची कड, तिच्यापलीकडे समुद्र एकदम इतका खोल की जहाजाला नांगर टाकायची सोय नाही. जहाजं खोल पाण्यातल्या बोयांना बांधायची आणि कड्यावरून बाहेर काढलेल्या लोखंडी बाहूने फॉस्फेट त्यांच्यात ओतायचं. अशा ठिकाणच्या माणसाला आजारी बायकोला घेऊन मेलबर्नला जायचं तर? विमान हवंच. पहिलं विमान घेणं शहाणपणाचं होतं. चूक तिथे झाली नाही. ती झाली जेव्हा बोइंगांचा ताफा वाढला, मनिला, हाँगकाँग, जपान, ऑकलंड असे मार्ग वाढले, खुर्च्या रिकाम्या उडत राहिल्या आणि दर वर्षीची तूट सरकार निमूट भरत राहिलं.

आणि निमूट का? इथे कर्टिसचा प्रश्न परत येतो. ठरवणार कोण? बाहेरच्यांना ठरवू देणार नाही म्हणून जो माणूस उभा राहिला, त्याने घरातल्यांनाही फारसं ठरवू दिलं नाही. अध्यक्ष हाच राष्ट्रप्रमुख आणि हाच सरकारचा प्रमुख. संसद तेव्हा अठरा जणांची, त्यांनीच अध्यक्ष निवडायचा, पक्ष नावापुरते. दहा जण बरोबर असले की झालं, आणि त्यातले बरेच नात्यातले किंवा मंत्रिमंडळातले. निधीचे हिशेब लोकांपुढे उघडे नसत. कमिशनर्सच्या काळात जमीनमालकाला टनाचा खरा भाव कळत नसे. स्वतःचं राज्य आल्यावर त्याला आपल्या निधीचा खरा आकडा कळत नव्हता. डीरोबर्ट यांनी पैसा खाल्ला असं मी म्हणत नाही, आणि पुरावा हातात असल्याशिवाय तुम्हीही म्हणू नका. पण विचारणारा कुणी नसेल तर प्रामाणिक माणसाचंही मोठं विमान घेणं थांबत नाही.

विचारणारे नव्हतेच असंही नाही. डिसेंबर १९७६मध्ये तरुण सदस्यांनी त्यांना बाजूला करून डोवियोगोंना आणलं. डीरोबर्ट दीड वर्षात, मे १९७८मध्ये परतले. मधे लागुमोट हॅरिस काही आठवडे अध्यक्ष होते. १९८६मध्ये अर्थसंकल्पावरून सरकार पडलं, केन्नन अडियांग एकाच वर्षात दोनदा अध्यक्ष झाले, दोन्ही वेळा काही दिवसांपुरते, आणि दोन्ही वेळा म्हातारा परत आला. ऑगस्ट १९८९मधल्या अविश्वास ठरावाने मात्र ते गेले ते गेलेच. हेगचा दावा लावून तीन महिने झाले होते. या खुर्चीच्या खेळावर फार शब्द खर्च करू नका. वाचकाला नावं लक्षात राहणार नाहीत. एकच लक्षात राहू द्या, की हरल्यावर ते निमूट बाकावर बसले आणि मतांनीच परत आले. त्या दशकात फिजीत लष्कराने सरकार कसं उलथवलं ते आठवलं तर ही लहान गोष्ट नाही.

एक बाजू बहुतेक लेखांत सुटते, माझ्याही पहिल्या नोंदीत सुटली होती. खाणीत घाम गाळणारे नाउरूअन नव्हते. ते होते गिल्बर्ट आणि एलिस बेटांवरचे, म्हणजे आजच्या किरिबाटी आणि तुवालूचे, आणि हाँगकाँगहून आणलेले चिनी कामगार. मुदतीच्या करारावर यायचे, ‘लोकेशन’ नावाच्या वस्तीत राहायचे, मुदत संपली की परत. ही व्यवस्था डीरोबर्ट यांनी लावली नाही, ती कमिशनर्सकडून आली. पण खाण आपल्या ताब्यात आल्यावर त्यांनी ती बदललीही नाही. ‘राज्य कुणाचं?’ हा त्यांचा प्रश्न लोकेशनच्या दारापाशी थांबला. या एका परिच्छेदाने तुमचा लेख आरतीही होणार नाही आणि पंचनामाही होणार नाही.

आता थोडं कामापुरतं. घटनांची तारीखवार पट्टी भिंतीवर लावून मगच लिहायला बसा, आणि प्रत्येक आरोपापुढे आमच्या संपादकांचा ‘केव्हा?’ लिहा. रक्कम ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच ठेवा. १९६७चे डॉलर आजच्या दराने रुपयांत फिरवले की आकडा मोठा दिसतो आणि अर्थ शून्य होतो. २००१नंतरच्या ऑस्ट्रेलियाच्या निर्वासित छावण्या, देशाची दिवाळखोरी, हे शेवटी चार ओळींत सांगून टाका. ती त्यांच्या आयुष्याची गोष्ट नाही. बाजू घ्यायचीच असेल तर मी अशी घेईन : बेट आणि नाव राखण्याचं श्रेय निखालस त्यांचं, पैशाचे दरवाजे बंद ठेवण्याची सवय त्यांनी लावली आणि पुढच्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. नंतरच्या प्रत्येक खड्ड्याचं खापर त्यांच्या माथी नको.

शेवट कुठे करायचा हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथे मी स्वतः घसरले होते म्हणून सांगते. २६ जून १९९२ला हेगच्या न्यायालयाने नऊ विरुद्ध चार मतांनी ऑस्ट्रेलियाचा मुख्य आक्षेप, ब्रिटन आणि न्यूझीलंड पक्षकार नसताना हा खटला चालवता येणार नाही हा, फेटाळून दावा पुढे चालवायला परवानगी दिली. एकोणीस दिवसांनी मेलबर्नमध्ये डीरोबर्ट वारले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९३मध्ये, ऑस्ट्रेलियाने न्यायालयाबाहेर तडजोड केली : १० कोटी ७० लाख डॉलर, त्यातले ५ कोटी ७० लाख रोख आणि बाकीचे वीस वर्षांच्या हप्त्यांनी. न्यायालयात जिंकले, पैसे मिळाले, पण बघायला म्हातारा नाही, असा डोळ्यांत पाणी आणणारा शेवट आयता हातात येतो. मी तो लिहिला होता. मग लक्षात आलं, की त्या पैशाने पठार काही भरलं नाही. सुळके आजही उभे आहेत. तेव्हापासून नोंद मी २६ जूनवर थांबवते. निकाल त्यांच्या हयातीत लागला.

मसुदा झाला की पाठवा, तारखा तपासून देईन. आणि अंकाच्या संपादकांना आत्ताच सांगून ठेवा, की हॅमर हे नाव आहे. ‘पॅसिफिकचा हातोडा’ असं शीर्षक त्यांना सुचणारच आहे.